बंब येईपर्यंत



‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. गरज एकीकडे आणि मदत भलतीकडे, असा तिचा अर्थ. इथे जन्मलेल्या मुलांना मात्र आधी बंब म्हणजे काय हे सांगावे लागेल. आंघोळीचे पाणी तापवायचे तांब्याचे उभे भांडे तोही बंब, आणि घंटा वाजवत येणारी आग विझवायची गाडी तीही बंबच. शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. त्यांच्या भाषेत ‘बॉम्बा’ म्हणजे पंप, आणि आग विझवणारा माणूस तो ‘बोंबेरो’.

या म्हणीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे. बंब कुठून तरी बाहेरून यायचा आहे आणि तो वेळेवर पोचलेला नाही. मग तोपर्यंत रामेश्वरीचे लोक काय करत होते? इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे म्हणीतही मला असे प्रश्न पडतात. बंब येईपर्यंत शेजाऱ्यांनी काय केले, कसे केले आणि त्यातून काय शिकले, हा या लेखाचा विषय. विषय दिव्यांच्या अंकात थोडा अशुभ वाटेल. पण दिवा लावणाऱ्याने आगीचा विचार करू नये, असे कुठल्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

बंब नव्हता तेव्हा

आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावात बंब नव्हताच. घरे गवताने किंवा पेंढ्याने शाकारलेली, परसात कडब्याची गंजी, चुलीत दिवसभर निखारे. आग लागायची ती बहुधा उन्हाळ्यात, म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या असताना आणि वारा सुटलेला असताना. एक घर पेटले की पुढच्या घराचे छप्पर उतरवणे हाच खरा उपाय असे. पाण्याच्या घागरी हातोहात येत, पण गाव वाचायचे ते वेळेवर पाडलेल्या छपरामुळे. आपले छप्पर शेजाऱ्याला पाडू देणे हे सोपे काम नव्हे. जिथे माणसे एकमेकांच्या शेतावर इर्जिक घालत होती, पेरणी-कापणीला एकमेकांचे बैल आणि हात वापरत होती, तिथे ते होऊ शकत होते. आगीच्या वेळचा विश्वास आगीच्या आधीच जमवलेला असे.

आपण ज्या भूमीवर राहतो तिथली परिस्थिती फार वेगळी नव्हती. खजुराच्या झावळ्यांची घरे, ज्यांना इथे ‘अरीश’ म्हणतात, ती उन्हाळ्यात हवेशीर आणि आगीला तितकीच सोपी. दुबईत १८९४ साली देरा भागात लागलेल्या आगीत तिथली बहुतेक घरे जळाली. अरीशच्या बरोबरीने समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाची घरेही या किनाऱ्यावर बांधली जात. जझीरत अल हमराच्या ओसाड गावात फिरताना त्या भिंती तुम्ही पाहिल्या असतील. आग असो की समुद्रात अडकलेली होडी, संकटाच्या हाकेला धावून जाण्याला आखाती अरबीत ‘फझा’ म्हणतात. हा शब्द तुमच्या पाकिटातल्या सवलतीच्या कार्डावर असेल. पण तो दुकानापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि ज्याची हाक ऐकू आली त्याने जायलाच हवे, हा त्यातला अर्थ आपल्या गावाकडच्या रीतीला अगदी जवळचा आहे.

मुंबई आणि रास अल खैमा यांचा आगीशी जोडलेला एक कटू संबंधही इथे सांगितला पाहिजे. नोव्हेंबर १८०९ मध्ये मुंबईहून आलेल्या ब्रिटिश आरमाराने या गावावर हल्ला करून घरे आणि जहाजे जाळली. दहा वर्षांनी, डिसेंबर १८१९ मध्ये, दुसरी मोहीम आली, तीही मुंबईहूनच. तिच्यानंतर जानेवारी १८२० मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांशी तह झाले. या मोहिमांत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी होत्या, आणि त्या पलटणींत कोकणातली आणि देशावरची माणसे मोठ्या संख्येने भरती होत. शारजाचे शासक शेख सुलतान अल कासिमी यांनी या काळावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. त्यासाठी त्यांनी मुंबईच्या दफ्तरखान्यातले कागद वापरले आहेत. ज्या गावाने आपल्या बंदरातून आलेली आग पाहिली, तेच गाव आज आपल्या घराच्या आगीला धावून येते. एवढे भान आपल्याला असावे, म्हणून हा उल्लेख.

मुंबईने घेतलेले धडे

त्याच मुंबईत काही वर्षे आधी मोठी आग लागली होती. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी किल्ल्यातल्या बाजारात ती सुरू झाली. तटबंदीच्या आत दाटीने उभी असलेली, लाकूड भरपूर वापरलेली घरे, अरुंद गल्ल्या आणि वारा. जोनाथन डंकन तेव्हा गव्हर्नर होते. आग दारूगोळ्याच्या दिशेने सरकू लागली, तेव्हा मधली घरे तोफा डागून पाडावी लागली. म्हणजे खेड्यातला छप्पर उतरवण्याचाच उपाय, फक्त तोफेने केलेला. या आगीनंतर अनेक कुटुंबे किल्ल्याबाहेर राहायला गेली आणि उत्तरेकडची वस्ती वाढली.

तरीही शहराला स्वतंत्र अग्निशमन दल मिळायला बराच काळ लागला. १८५५ पासून हे काम पोलिसांकडे जोडकाम म्हणून होते. घोड्यांनी ओढायचे बंब होते. १८८७ च्या एप्रिलमध्ये ते नगरपालिकेकडे आले आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने आगीपासून संरक्षण ही पालिकेची जबाबदारी ठरवली.

इथे साहजिकच वाटते की पगारी दल आले, आता शेजाऱ्याची सुटका झाली. जगाचा अनुभव तसा नाही. पगारी दलाच्या बरोबरीने, आणि पुष्कळ ठिकाणी पगारी दलाऐवजी, शेजाऱ्यांनी आपली दले उभारली. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली मित्रांना घेऊन ‘युनियन फायर कंपनी’ काढली. सदस्य जेमतेम तीस. प्रत्येकाने घरी चामड्याच्या बादल्या आणि सामान भरायला पोती तयार ठेवायची, महिन्यातून एकदा भेटायचे आणि आगीविषयी सुचेल ते बोलायचे. बैठक चुकवली तर दंड! त्या दंडाच्या पैशातून पुढे बंब आणि शिड्या घेतल्या गेल्या. आपल्या मंडळाच्या खजिनदारांनी या वाक्यावर खूण करून ठेवायला हरकत नाही.

जर्मनीतले दुरलाखचे उदाहरण आणखी बोलके आहे. १८४६ साली या छोट्या गावाने स्वयंसेवकांचे दल उभे केले, नव्या पद्धतीचा पंप घेतला आणि नेमून दिलेल्या कामांचा सराव सुरू केला. काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८४७ मध्ये, जवळच्या कार्ल्सरूह शहरातल्या राजदरबारी नाट्यगृहाला आग लागून साठहून अधिक माणसे गेली. माणसे मदतीला पुष्कळ धावली, पण गोंधळ झाला. दुरलाखचे लोक आले, प्रत्येकाला आपली जागा ठाऊक होती, आणि आग शेजारच्या इमारतींत पसरण्यापासून रोखली गेली. यानंतर जर्मनीत गावोगावी अशी दले निघाली आणि आजही तिथल्या लहान गावांची भिस्त त्यांच्यावरच आहे. चिलीमध्ये तर १८५१ साली वालपराईसो बंदरात पहिले दल निघाले ते स्वयंसेवकांचे, आणि आजही त्या देशाचे अग्निशामक पगार घेत नाहीत.

या दोन्ही गोष्टींत शौर्याचे वर्णन फारसे नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. त्यांत बादल्या आहेत, दंड आहे, महिन्याची बैठक आहे, नेमून दिलेली जागा आहे. आगीसमोर धावणारी माणसे प्रत्येक गावात असतात. धावून कुठे उभे राहायचे हे आधी ठरवलेली माणसे थोड्याच गावांत असतात.

१४ एप्रिल

आपल्याकडे १४ एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंती. भारतात त्याच दिवशी अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो. त्याचे कारण मुंबईच्या गोदीत आहे.

१४ एप्रिल १९४४. महायुद्ध चालू होते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ नावाचे जहाज दोन दिवसांपूर्वी लागले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, कापसाच्या हजारो गासड्या, लाकूड, भंगार लोखंड आणि सोन्याच्या विटा, असा एकमेकांशी कधीच न पटणारा माल होता. दुपारी दोनच्या सुमारास एका तळघरात आग असल्याचे कळले. अग्निशमन दलाने शेकडो टन पाणी ओतले, पण मूळ सापडेना. आत पाणी उकळू लागले. जहाज बाहेर न्यावे की जागीच बुडवावे, याचा निर्णय वेळेत झाला नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. त्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली.

अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. गोदी कामगार, खलाशी आणि आसपासच्या वस्तीतले शेकडो लोक गेले, हजारो बेघर झाले. आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले. नंतर सुमारे ८,००० माणसांनी सात महिने खपून काही लाख टन ढिगारा उपसला, तेव्हा बंदर पुन्हा चालू झाले. भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात त्या जवानांचे स्मारक आहे. मुंबईला गेलात तर मुलांना जरूर दाखवा.

त्या जवानांच्या धैर्यात काही कमी नव्हते, प्रशिक्षणातही नव्हते. कमी होती ती माहिती आणि निर्णय. जहाजात काय आहे, शेवटचा शब्द कोणाचा, कोणत्या क्षणी मागे फिरायचे, हे आधी ठरलेले नव्हते. पगारी दलही या बाबतीत शेजाऱ्यांइतकेच असहाय होऊ शकते.

दंडावर पट्टी बांधलेले लोक

युद्धकाळात हवाई हल्ल्यांच्या भीतीने नागरिकांची संरक्षण पथके उभी राहिली होती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ६ डिसेंबर १९४६ रोजी, मुंबई प्रांतात होमगार्ड ही स्वयंसेवी संघटना स्थापन झाली. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते. ती मुंबईतून देशभर पसरली आणि आजही ६ डिसेंबर हा तिचा स्थापना दिन आहे. १९५० च्या दशकात नागपूरला दोन संस्था आल्या: एक राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय, आणि दुसरी पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेलेली. देशभरातले अग्निशमन अधिकारी नागपुरात घडतात, ही गोष्ट विदर्भाबाहेरच्या मराठी माणसाला क्वचितच ठाऊक असते. पुढे १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा झाला.

१९७१ चा डिसेंबर माझ्या पिढीला चांगला आठवतो. मी तेव्हा मुंबईत कॉलेजात होतो. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले आणि संध्याकाळी शहर काळोखात जाऊ लागले. खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवले, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग दिला. दंडावर पट्टी बांधलेले वॉर्डन चाळीचाळीतून फिरत आणि एखादी फट उजळलेली दिसली की खालून ओरडत, “तिसरा मजला, दिवा घालवा!” हे वॉर्डन कोण होते? बँकेतले कारकून, शाळामास्तर, दुकानदार. जिन्याखाली वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असत. त्यांचा तळ गोल असे, म्हणजे त्या जमिनीवर उभ्या राहत नसत आणि कोणी त्या धुण्याला पळवत नसे. बादली रिकामी सापडली तर वॉर्डन सगळ्या चाळीसमोर बोलत. आम्हा मुलांना तेव्हा ते अकारण कडक वाटत.

त्या युद्धाच्या आदल्याच दिवशी, २ डिसेंबरला, संयुक्त अरब अमिराती जन्माला आल्या होत्या. रास अल खैमा त्यांत १० फेब्रुवारी १९७२ रोजी सामील झाले. म्हणजे आपण आज ज्या ९९७ क्रमांकावर निर्धास्त आहोत, ती सगळी व्यवस्था माझ्या कॉलेजच्या दिवसांनंतर उभी राहिली आहे.

महाराष्ट्रात शेजाऱ्यांचे काम अजून संपलेले नाही. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत सह्याद्रीत वणवे लागतात. गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले उगवते, या समजुतीपायी काही मुद्दाम लावलेही जातात. डोंगराच्या धारेवर कुठलाही बंब चढू शकत नाही. तिथे वन कर्मचारी आणि गावकरी हिरव्या फांद्यांनी आग झोडपतात, आणि उन्हाळ्याआधी गवत काढून जाळरेषा आखतात. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे जंगलात हक्क असणाऱ्यांवर वणव्याची खबर देण्याचे आणि तो विझवायला मदत करण्याचे बंधनच आहे. आता उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून मोबाइलवर येतो. पण संदेश आल्यावर डोंगर चढायचा तो माणसानेच.

आपली इमारत, आपला मजला

आता रास अल खैमाकडे येऊ. तुम्ही नखीलमधल्या जुन्या इमारतीत राहत असा की अल हमराच्या टॉवरमध्ये, आग लागली तर सिव्हिल डिफेन्सचे प्रशिक्षित जवान उत्तम साधनांनिशी येतील. ‘हस्सनतुक’सारख्या यंत्रणेमुळे धोक्याची सूचना थेट त्यांच्यापर्यंत जाते. इथे आपण आपले वेगळे दल काढायचे नाही, तसे करण्याची गरजही नाही. ज्यांना सेवा करायची आहे त्यांनी सरकारच्या अधिकृत स्वयंसेवक नोंदणीतूनच करावी.

पण गाडी इमारतीखाली उभी राहीपर्यंतची मिनिटे कोणाची? ती पूर्वीही शेजाऱ्यांची होती आणि आजही आहेत. आपल्या मजल्यावर समोरच्या दारात कोण राहते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला सर्वांत काळजी वाटते ती गावाहून दोन-तीन महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांची. मुलगा आणि सून कामावर, नातवंडे शाळेत. आईला इमारतीचे नाव सांगता येत नाही, ९९७ माहीत नाही, इंग्रजी बेताचे, अरबी शून्य. दिवाळीच्या आठवड्यात ती एकटी चकल्या तळत असते. कढईतले तेल पेटले तर गावाकडच्या सवयीने ती पाणी ओतेल, आणि तेलाच्या आगीवर पाणी पडले की भडका उडतो. गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवायचे, हे तिला कोणीतरी आधी सांगायला हवे. आग झाकणाने आवरण्यासारखी नसेल तर दार ओढून घेऊन बाहेर पडायचे, जिन्याने उतरायचे, लिफ्ट वापरायची नाही, हेही.

म्हणून फ्रँकलिनच्या मित्रांसारखा एक साधा ठराव आपण करावा, असे मी सुचवतो. फराळाच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटे काढायची. ज्या सभागृहात जमलो आहोत तिथली बाहेर पडायची दारे सर्वांना दाखवायची. पणत्या, पडदे आणि रांगोळीजवळ खेळणारी मुले यांच्याकडे कोण पाहणार, ते नावानिशी ठरवायचे. बाहेर पडल्यावर कुठे जमायचे आणि माणसे कोण मोजणार, तेही. घरी गेल्यावर प्रत्येकाने फ्रिजवर एक कागद चिकटवायचा: ९९७, इमारतीचे नाव, मजला, फ्लॅटचा क्रमांक, मराठीत, इंग्रजीत आणि अरबीत. आणि त्याच मजल्यावरच्या एका तरी शेजाऱ्याला, तो मलबारी असो, फिलिपिनो असो की इजिप्तचा, फराळाचे ताट देताना सांगायचे की दुपारी आई घरी एकटी असते.

अरबीतली ओळ कोण लिहिणार? इथल्या शाळांत शिकलेली तुमची मुले. पहिल्या पिढीने इतकी वर्षे इथे काढूनही जी भाषा नीट उचलली नाही, ती या मुलांना वाचता-लिहिता येते. मुलांनो, हा लेख आई-बाबांनी तुम्हाला वाचून दाखवला असेल तर कागद आणि पेन घ्या. आजीला शेजारी बसवा, तिच्याकडून इमारतीचे नाव चार वेळा म्हणून घ्या, आणि आग लागली तर काय करायचे ते तिला करून दाखवायला सांगा. ती हसेल. हसू द्या, पण पुन्हा करून घ्या.

सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.